पोच घेतलीस का गं?

अगं, काल रात्री फोनवर तू निम्मं बोललीस आणि निम्मं रडलीस. मला कळलं ते एवढं: नगरपंचायतीचा माणूस दुपारी येऊन दारावर नोटीस चिकटवून गेला. तुमच्या मागच्या पडवीनं रस्त्याची दोन फूट जागा घेतलीय, ती काढा, नाहीतर आम्ही काढू, असं तिच्यात लिहिलंय. भाऊजी नोकरीच्या गावी, सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलेलं, पोरीची दहावी. आणि तू ती नोटीस दारावरून खरवडून काढून फ्रिजवर ठेवून दिलीस.

पहिलं काम, ती फ्रिजवरून खाली काढ. चहा घे, चष्मा लाव आणि अक्षर न् अक्षर वाच. कुणाची सही आहे, जावक क्रमांक काय, तारीख कोणती, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय, किती दिवसांची मुदत दिलीय. वरच्या कोपऱ्यात पेनानं लिही, ‘अमुक तारखेला दुपारी दारावर मिळाली’. लिहिलेल्या तारखेत आणि मिळालेल्या तारखेत फरक असेल तर तो पुढे फार कामाला येतो. पोस्टानं आली असती तर पाकीटही जपून ठेव म्हणाले असते, शिक्क्यासाठी.

बघ, नोटीस म्हणजे बुलडोझर नव्हे. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बांधकामं पाडण्याबद्दल सगळ्या देशासाठी नियम घालून दिलेत. आधी कारणे दाखवा नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं आणि बांधकामावर चिकटवून. उत्तराला निदान १५ दिवस. मग समोरासमोर सुनावणी, मग कारणांसह लेखी आदेश, आणि आदेशानंतरही १५ दिवस थांबायचं, म्हणजे माणसाला अपील करता यावं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, नोटीस दिली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलनं कळवायचं आणि तिकडून आपोआप पोच यायला हवी. का, तर मागची तारीख टाकून नोटीस बनवता येऊ नये. पोच म्हणजे काय चीज आहे हे न्यायालयालाही कळतं बघ.

पण खरं सांगू का, या निकालाला मोठा अपवाद आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि तुझ्या नोटिशीत नेमका ‘रस्ता’ हा शब्द आहे. म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही. तुझं सगळं प्रकरण एका रेघेवर येऊन थांबलंय: ती दोन फूट जागा रस्त्याची की तुमची?

आणि हे ठरवायला घरपट्टीची पावती पुरत नाही गं. काल तू तीनदा म्हणालीस, ‘ताई, आम्ही वीस वर्षं घरपट्टी भरतोय.’ मीही हेच म्हणायचे. घरपट्टीचा उतारा, गावाकडे ज्याला नमुना ८ म्हणतात, तो कराचा कागद आहे. कर कुणाकडून घ्यायचा ते त्यात लिहिलेलं असतं. ताबा दाखवायला तो उपयोगी पडतो, पण मालकीचा पुरावा तो नव्हे. मालकी खरेदीखतात, वाटपपत्रात, सातबाऱ्यात किंवा सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिकेत शोधायची. गावठाणातल्या घरांना तर वर्षानुवर्षं नमुना ८ शिवाय कागदच नव्हता. आता स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला लागलेत. २४ एप्रिल २०२० ला ती योजना सुरू झाली, पण तिच्या आधीच आपल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. तुमच्या गल्लीचा सिटी सर्व्हे झालाय का, एवढं सासऱ्यांच्या ट्रंकेतले कागद बघून मला सांग.

हेच उलटंही खरं आहे, आणि ते ऐकून तुला धीर येईल. कराच्या रजिस्टरात नाव बदलून संस्था मालक होत नाही. कोलकात्यात महानगरपालिकेनं एका कुटुंबाची जागा घ्यायचा घाट घातला आणि कर आकारणीच्या नोंदीतून मालकाचं नाव काढून स्वतःचं घातलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १६ मे २०२४ ला निकाल लागला, महापालिका हरली, वर पाच लाख रुपये खर्चापोटी द्यावे लागले. त्या निकालात न्यायालयानं राज्यघटनेच्या ३००-अ कलमाचा अर्थ उलगडून सांगितला: जागा घ्यायची तर आधी कळवा, म्हणणं ऐका, कारणांसह निर्णय द्या, काम खरंच लोकांचं असू द्या, योग्य मोबदला द्या, आणि हे सगळं नीट, वेळेत तडीला न्या. एवढी मोठी महापालिका, तिलाही हे चुकलं नाही.

आता माझं सांगते. बारा वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीनं गटार काढलं ते आमच्या परसातून. मी माहेरी गेले होते. चार दिवसांनी आले तर कढीपत्त्याचं झाड उपटलेलं आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून चर खणलेला. मी तशीच कार्यालयात गेले आणि ग्रामसेवकांना वाटेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, ‘वहिनी, बघतो.’ मी घरी आले, ह्यांना सांगितलं की तक्रार करून आले. दोन महिने मी तेच समजून बसले. गटाराला सिमेंट लागलं. मग पंचायत समितीत गेले तर तिथल्या बाईंनी विचारलं, ‘तक्रारीची पोच कुठाय?’ माझ्याकडे चिटोरंही नव्हतं. कागदावर मी तक्रार केलेलीच नव्हती.

दुसरी चूक त्याहून मोठी. रागानं मी पाच पानी अर्ज लिहिला. गटार, नळाचं पाणी, दिवाबत्ती, शेजाऱ्यांचा गोठा, सरपंचांच्या मेव्हण्याला मिळालेलं काम, सगळं एकत्र. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, कारण प्रत्येकाला वाटे की हे दुसऱ्याचं खातं. शेवटी त्याच बाईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, एक विषय, एक अर्ज. त्यांचं नाव मला आजही आठवतं आणि त्यांच्याबद्दल मला आजही माया वाटते.

म्हणून तू असं कर. फुलस्केपवर एका बाजूला लिही. वर मुख्याधिकारी, नगरपंचायत. विषय एका ओळीचा. मग नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. मग साध्या शब्दांत: ही पडवी कधीपासूनची, जागा कुणाच्या नावावर, सोबत कोणते कागद जोडलेत. मग तुझी मागणी, स्पष्ट, आकडे घालून: एक, रस्त्याची मंजूर रुंदी कोणत्या नकाशावरून धरली ते दाखवा. दोन, हद्दीची सरकारी मोजणी होईपर्यंत कारवाई थांबवा. तीन, मला समक्ष सुनावणी द्या. ‘अन्याय’, ‘षड्‌यंत्र’, ‘राजकारण’ हे शब्द नकोत. नगराध्यक्षांचे काका तुमच्या दिराशी बोलत नाहीत हे खरं असेलही, पण ते अर्जात आलं की वाचणाऱ्याचं लक्ष जागेवरून माणसांवर जातं. कागदांच्या झेरॉक्स जोड, मूळ कागद कुणी कितीही आपुलकीनं मागितले तरी हातातून सोडू नकोस.

आणि दोन प्रती. एक त्यांना, एकीवर आवक विभागाचा शिक्का. तो गोल जांभळा शिक्का असतो ना, त्याच्या आत आवक क्रमांक आणि तारीख पेनानं घालतात, शेजारी क्लार्कची बारीक सही. ते होईपर्यंत खिडकीपासून हलायचं नाही. ‘साहेब नाहीत’, ‘शिक्का आत कुलपात आहे’, ‘उद्या या’, हे ऐकावं लागेल. तेव्हा भांडू नकोस. सरळ पोस्टात जा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठव. पोस्टाची पावती म्हणजेही पोचच.

त्याच दिवशी मोजणीचा अर्ज. तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचं कार्यालय असतं, तिथे ‘हद्दकायम’ मोजणी मागायची. फी लागते, तारीख मिळायला वेळ लागतो, पण हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे सगळ्यांचा आवाज खाली येतो. मोजणीला लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, नगरपंचायतीलाही. त्या दिवशी काहीही झालं तरी घरी थांब, भाऊजींना रजा काढायला लाव.

आमच्या मोजणीचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी भूकरमापक आले, तिपाईवर यंत्र लावलं, जुन्या हद्दीचा दगड शोधायला निम्मा दिवस गेला. तो सापडला आमच्याच उकिरड्याखाली. मग खुणा पडल्या आणि चुन्याची रेघ ओढली गेली. रेघ गटाराच्या बाहेरच्या कडेनं गेली. म्हणजे गटार पूर्ण आमच्या जागेत, जवळजवळ साडेतीन फूट. मी पदर डोळ्यांना लावला. आणि मग तीच रेघ घराच्या दुसऱ्या बाजूला वळली आणि आमच्या गोठ्याच्या भिंतीतून आरपार गेली. दीड फूट आम्ही पंचायतीच्या बोळात होतो. सासऱ्यांनी कधीतरी भिंत सरकवली होती, मला माहीतही नव्हतं. सगळं गाव बघत होतं गं. त्या रात्री मी जेवले नाही.

हे तुला का सांगतेय? कारण मोजणी मागताना मनाची तयारी ठेव. ती तुझ्याविरुद्धही बोलू शकते. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येतं, तिला निमताना मोजणी म्हणतात. पण दोन फुटांतला एक फूट खरंच रस्त्यात निघाला, तर तो एक फूट स्वतःहून काढून घे आणि तसं लेखी कळव. आम्ही गोठ्याची भिंत आत घेतली, फोटो काढला, अर्जाला जोडला आणि मग गटाराचं विचारलं. त्यानंतर गटविकास अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहणी केली. गटार हललं, पण चौदा महिन्यांनी, पावसाळा संपल्यावर. आपली चूक सुधारून आलेल्या बाईला ‘आधी तुमचं बघा’ असं कुणी म्हणू शकत नाही.

मोजणीची तारीख येईपर्यंत माहितीचा अधिकार वापर. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांत. ‘का पाडताय’ असं विचारू नकोस, प्रश्नांना उत्तरं देत नाहीत, कागद देतात. तेव्हा कागदच माग: रस्त्याच्या कामाचा ठराव, मंजूर नकाशा, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि तुमच्या जागेची स्थळपाहणी झाली असेल तर तिचा अहवाल. ग्रामपंचायत असती तर रस्त्यांची नोंदवही, नमुना २३, तीही मागायला सांगितली असती. ३० दिवसांत नाही मिळालं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. आमच्या गटाराच्या नकाशात गटार बोळातूनच दाखवलं होतं. ठेकेदारानं वळण टाळायला ते सरळ आमच्या परसातून नेलं, इतकी साधी गोष्ट होती. मी मात्र वर्षभर त्यात कुणाचा तरी डाव शोधत होते आणि दोन घरांशी बोलणं टाकलं होतं.

मुख्याधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर वर कुठे? नगरपंचायतीवर जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार चालतो. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या ३०८ कलमाखाली ते ठराव किंवा आदेशाची अंमलबजावणी रोखू शकतात. त्यांच्याकडे लोकशाही दिन असतो, महिन्याचा पहिला सोमवार, तालुक्याला तिसरा सोमवार. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. एक लक्षात ठेव, न्यायप्रविष्ट प्रकरण तिथे घेत नाहीत. म्हणून कोर्टात जायच्या आधी तो दरवाजा ठोठावायचा. तुझ्या माहेरच्यासारखी ग्रामपंचायत असेल तर पायऱ्या वेगळ्या: गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, मग विभागीय आयुक्त. आणि अधिकाऱ्यानं मुद्दाम छळलं किंवा पैसे मागितले असतील, तर मुंबईला लोकायुक्त आहेत. महाराष्ट्रात हे पद १९७२ पासून आहे, आणि पोस्टानं तक्रार करता येते.

पण तुझ्या बाबतीत मी म्हणेन, मुदत संपायच्या आत वकिलाला भेटच. जिल्हाधिकारी वाचतील, मुख्याधिकारी ऐकतील, या आशेवर पडवी पणाला लावायची नाही. मनाई हुकूम फक्त न्यायालय देतं, आणि पडलेली भिंत कुणी परत बांधून देत नाही. नगरपंचायतीवर दावा करायच्या आधी त्यांना नोटीस द्यावी लागते, मुदतीही छोट्या असतात. तातडी असली तर काय करायचं ते वकील सांगतील. आणि पैशांचं काल तू बोलता बोलता गिळलंस ना, ते मला कळलं. ऐक. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला फुकट वकील मिळतो. उत्पन्नाची अट बायकांना नाही. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे जाऊन फक्त एवढंच म्हणायचं की मला वकील हवाय. लाजायचं नाही, हा उपकार नाही. तुझ्या नावावर घर नाही म्हणून अडेल असं वाटत असेल, तर भाऊजींचं अधिकारपत्र आधीच करून ठेव. किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ दे.

तुझ्या भावाच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण पडलंय म्हणालीस, ती गोष्ट सगळी निराळी, यात मिसळू नकोस. त्याला एवढंच सांग की विकास आराखडा अंतिम होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नसेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ कलमाखाली खरेदीची सूचना देता येते. २४ महिन्यांत संबंधित संस्थेनं जागा घेण्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. बाकी त्याच्याशी मी स्वतः बोलेन.

आता एक शेवटचं बोलते, रागावू नकोस. गल्लीतले ते भाऊ तुला म्हणाले ना, ‘वहिनी, माझी वर ओळख आहे, दहा हजारांत मिटवतो’? त्यांना चहा पाज आणि पाठव. दहा हजारांत मिटलेल्या प्रकरणाचा कागद कुणी देत नाही. पुढच्या मुख्याधिकाऱ्यांच्या वेळी तीच नोटीस परत दारावर येते, आणि तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काहीच नसतं. त्यापेक्षा एक प्लास्टिकची फाईल आण. नोटीस, अर्ज, पावत्या, फोटो तारखेप्रमाणे लाव. पहिल्या पानावर वहीसारखं लिहीत जा: कधी गेले, कुणाला भेटले, ते काय म्हणाले. माझी तशी फाईल अजून कपाटात आहे.

कार्यालयात एकटी जाऊ नकोस. पोरीला नको, तिचा अभ्यास आहे. शेजारच्या मावशींना घेऊन जा. त्या बोलणार नाहीत, पण शेजारी कुणी बसलं की आपला आवाज थरथरत नाही. तू पाच वर्षं बचत गटाचा हिशोब सांभाळतेस, बँकेच्या मॅनेजरशी व्याजावरून हुज्जत घालतेस, तुला हे जमणार नाही असं मला एकदाही वाटलेलं नाही.

अर्ज आज रात्री लिही आणि मला वाचून दाखव, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे. उद्या अकराला खिडकी उघडते. पोच घे, आणि शिक्क्याचा फोटो मला पाठव.